दहा बोटांचे ठसे आणि आठवीचे गणित

रत्नागिरी जिल्ह्यातून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आठवीत आणि मुलगी तिसरीत शिकते. जून महिन्यात मुलाच्या शाळेत एका खासगी संस्थेने पालकांसाठी व्याख्यान ठेवले, साडेतीन हजार रुपये घेऊन इच्छुकांच्या मुलांच्या दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेतले आणि पंधरा दिवसांनी तीस पानांचा रंगीत अहवाल हाती ठेवला. बुद्धीचे आठ प्रकार टक्क्यांत मांडणाऱ्या त्या अहवालाप्रमाणे मुलाची ‘शारीरिक-गतिविषयक’ बुद्धिमत्ता १९ टक्के आणि ‘तार्किक-गणिती’ बुद्धिमत्ता ९ टक्के आहे. सबब त्याने गणित-विज्ञानाच्या वाटेला न जाता खेळाकडे वळावे, असा सल्ला शेवटच्या पानावर आहे. तेव्हापासून मुलाने गणिताची वही मिटून ठेवली आहे. ‘माझ्यात ते नाहीच, मशीनने सांगितलंय,’ असे तो म्हणतो. आंब्याच्या हंगामात वडिलांच्या पेट्यांचा हिशेब मात्र तो कागदाला हात न लावता करतो. वडिलांचे मत असे, की एकदा बुद्ध्यांक चाचणी करून सोक्षमोक्ष लावून टाकावा. त्यातच त्या संस्थेने मुलीची चाचणी महिनाअखेरपर्यंत केल्यास निम्मे शुल्क आकारण्याची तयारी दाखविली आहे. अहवाल कितपत मानावा, बुद्ध्यांक काढावा का आणि मुलीचे ठसे द्यावेत का, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर तुमच्या घरातील सध्याची शांतता अवलंबून आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता किंवा तिचे प्रकार ओळखता येतात, याला शास्त्रीय आधार नाही. त्वचेवरील रेषांचा अभ्यास ही खरी विद्याशाखा आहे आणि काही जन्मजात विकारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात हेही खरे आहे. परंतु त्या सत्याचा हात धरून ‘अमुक बोट म्हणजे गणित, तमुक बोट म्हणजे संगीत’ असे कोष्टक मांडणे हा निव्वळ व्यापार आहे. ठशांच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच, पहिल्या काही महिन्यांत, घडून जातात आणि पुढे जन्मभर तशाच राहतात. त्यानंतर मूल काय पाहते, काय ऐकते, कोणती शाळा आणि कोणते शिक्षक त्याच्या वाट्याला येतात, यांतील कशाचीही नोंद त्या रेषांवर होत नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, २०१९ साली या ठसे-चाचण्यांना वैज्ञानिक पाया नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. तेव्हा तो अहवाल तुम्ही निःशंकपणे बाजूला ठेवा.

मात्र तेवढ्याने तुमच्या मुलाची वही उघडणार नाही, हे मी जाणतो. यंत्र खोटे होते एवढेच त्याला सांगितले, तर तो उद्या दुसऱ्या एखाद्या खऱ्या चाचणीची वाट पाहत बसेल. त्याच्या मनात जी कल्पना रुजली आहे, की प्रत्येकाच्या वाट्याला बुद्धीचे ठरावीक प्रकार ठरावीक मापाने येतात, ती कल्पना निघायला हवी. त्यासाठी बुद्धिमत्तेच्या प्रकारांविषयी मानसशास्त्र खरोखर काय म्हणते, ते तुमच्याच अहवालाच्या निमित्ताने थोडे विस्ताराने पाहू.

प्रथम त्या ९ टक्क्यांकडे पाहा. अहवालातील आठही आकड्यांची बेरीज तुम्ही केली आहे का? ती शंभर भरत असणार. एक भाकरी आठ जणांत वाटावी तशी बुद्धी आठ प्रकारांत वाटली आहे. समान वाटणी झाली असती तर प्रत्येकाला साडेबारा टक्के मिळाले असते. म्हणजे ९ टक्के याचा अर्थ शंभरपैकी नऊ गुण असा त्या अहवालाच्या स्वतःच्या हिशेबानेही होत नाही. परंतु शाळेच्या प्रगतिपुस्तकाची सवय असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाने तो आकडा ‘नापास’ असाच वाचला, आणि बहुधा तुम्हीही.

ही भाकरीची उपमा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. बुद्धी एक की अनेक, यावर मानसशास्त्रज्ञ शंभरहून अधिक वर्षे भांडत आले आहेत. पण एका प्रकाराची बुद्धी जास्त असेल तर दुसऱ्या प्रकाराची कमी पडलीच पाहिजे, असे त्यांच्यापैकी कोणत्याही पक्षाचे म्हणणे नाही. किंबहुना पुरावा उलट दिशेचा आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली शाळकरी मुलांचे निरनिराळ्या विषयांतील गुण ताडून पाहिले, तेव्हा त्यांना आढळले, की एका विषयात पुढे असलेली मुले सर्वसाधारणपणे इतर विषयांतही पुढे असतात. या सर्वांच्या मुळाशी एक सामान्य घटक असावा, असे त्यांनी मांडले. पुढे अमेरिकेत लुई थर्स्टन यांनी १९३८ साली शब्दज्ञान, शब्दप्रवाह, संख्याकौशल्य, अवकाशबोध, स्मरण, आकलनाचा वेग आणि तर्क अशा सात प्राथमिक क्षमता वेगळ्या काढल्या. आज बहुतेक संशोधक दोघांनाही थोडे थोडे बरोबर मानतात. जॉन कॅरोल यांनी ४६० हून अधिक जुन्या अभ्यासांची आकडेवारी नव्याने तपासून १९९३ मध्ये तीन मजल्यांची रचना सुचविली: वर एक सामान्य क्षमता, मधल्या मजल्यावर आठएक व्यापक क्षमता आणि तळाशी अनेक बारीकसारीक कौशल्ये.

मधल्या मजल्यावरील दोन क्षमतांची ओळख तुम्हाला उपयोगी पडेल. रेमंड कॅटेल यांनी एकीला प्रवाही बुद्धिमत्ता म्हटले. पूर्वी कधी न पाहिलेली अडचण समोर आली असता तिच्यातील संगती शोधण्याची ही शक्ती. दुसरी साचीव, म्हणजे शिकण्यातून आणि अनुभवातून हळूहळू थर बसत घडणारी. पहिली तरुणपणी शिखरावर असते आणि वयानुसार उतरते, तर दुसरी साठी ओलांडली तरी बराच काळ टिकते. कलमावरच्या मोहोराकडे पाहून यंदा पेट्या किती निघतील हे जुने बागायतदार सांगतात, ते या दुसरीच्या बळावर. आणि आठवीच्या गणितात लागते त्यातील बराच मोठा भागही हा दुसऱ्या प्रकारचाच, म्हणजे साचविलेला असतो. जे साचवायचे असते ते मुळात कमी होते की साचवायचे राहून गेले, हा फरक न करताच आपण मुलांना हुशार किंवा मठ्ठ ठरवून मोकळे होतो.

आता ज्यांचे नाव तुमच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर छापले आहे, त्या हॉवर्ड गार्डनर यांच्याकडे येऊ. हार्वर्डमधील या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला. मेंदूला इजा झालेले रुग्ण आणि कलेत रमणारी मुले अशा दोन्हींचा अभ्यास करीत असताना त्यांना दिसले, की एखाद्याची वाचा जाते पण सूर शाबूत राहतो, एखाद्याला माणसे ओळखता येतात पण वाट सापडत नाही. त्यावरून त्यांनी भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक-गतिविषयक, आंतरव्यक्तिक आणि व्यक्तिअंतर्गत असे सात प्रकार सांगितले आणि नंतर निसर्गविषयक हा आठवा जोडला. शाळा केवळ भाषा आणि गणित यांनाच बुद्धी समजते, ही त्यांची तक्रार रास्त होती, आणि जगभरातील शिक्षकांनी तिचे स्वागत केले ते उगाच नाही. मनगटाच्या एका हिसक्यात झाडावरचा आंबा देठासह झेल्यात उतरवणाऱ्या माणसाला ‘अडाणी’ म्हणताना आपली जीभ थोडी अडखळू लागली असेल, तर त्याचे काही श्रेय गार्डनरना द्यावे लागेल.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. हा सिद्धान्त शाळांत जितका लोकप्रिय झाला, तितका तो मापनतज्ज्ञांना पटलेला नाही. या आठ प्रकारांवर आधारित कसोट्या घेऊन पाहिल्या, तेव्हा त्यांतील आकलनाशी संबंधित असलेल्या कसोट्या स्पिअरमन यांच्या निष्कर्षाप्रमाणेच एकमेकींशी बांधलेल्या निघाल्या, आणि ज्या सुट्या निघाल्या त्यांना बुद्धिमत्ता म्हणावे की कौशल्य, हा वाद उरतोच. माझे स्वतःचे मत विचाराल तर गार्डनर यांची यादी मला मानवी कर्तृत्वाची चांगली वर्णनात्मक सूची वाटते. मेंदूतील स्वतंत्र कप्प्यांचा पुरावा म्हणून ती मला पुरेशी वाटत नाही. परंतु तुमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे, की गार्डनर यांनी मुलांचे वर्गीकरण करण्यासाठी ही यादी केलीच नव्हती. प्रत्येक व्यक्तीकडे हे सर्व प्रकार असतात आणि त्यांचे मिश्रण वेगवेगळे असते, असे ते म्हणतात. बुद्धिमत्तेचे प्रकार आणि अध्ययनशैली या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असेही त्यांनी वारंवार बजावले आहे. अहवालात ‘तुमचे पाल्य हालचालीतून शिकणारे आहे, त्यास बसवून शिकवू नये’ असे जे वाक्य आहे, ते नेमके त्या गल्लतीतून आलेले आहे. मुलाची शैली ओळखून त्याच पद्धतीने शिकविल्यास तो अधिक शिकतो, या समजुतीला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या तपशीलवार परीक्षणात आढळले होते. तुमचा मुलगा कबड्डी उत्तम खेळतो, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यावरून तो बीजगणितही धावत धावत शिकेल किंवा शिकणारच नाही, यांपैकी काहीच निष्पन्न होत नाही.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज म्हणून जे लिहिले आहे, ते मला साऱ्या अहवालापेक्षा मोलाचे वाटले. गेल्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाने विचारले, ‘पाच डझनांची पेटी अठ्ठावीसशेला, तर साडेतीन डझन सुटे कितीला देणार?’ आणि तुमच्या मुलाने, ‘तीन डझनांचे सोळाशे ऐंशी, वर अर्ध्याचे दोनशे ऐंशी, एकोणीसशे साठ द्या,’ असे उभ्या उभ्या सांगितले. ताई, हे तार्किक-गणिती विचाराचे उत्तम उदाहरण आहे. त्याने आधी एका डझनाचा भाव मनात काढला, मग साडेतीनाचे सोयीचे तुकडे पाडले, प्रत्येकाची किंमत काढली आणि शेवटी जोड दिली. त्रैराशिक याहून वेगळे काय असते?

असे का घडते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास ब्राझीलमधील रेसिफे शहरात झाला आणि १९८५ साली प्रकाशित झाला. तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लिमान या संशोधकांनी रस्त्यावर नारळ आणि इतर माल विकणाऱ्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊन हिशेब विचारले. मुलांची उत्तरे सुमारे ९८ टक्के वेळा बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तशाच संख्या शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले, आणि नुसती आकडेमोड कागदावर मांडून दिली तेव्हा ते ३७ टक्क्यांपर्यंत घसरले. एका नारळाची किंमत ३५ असताना दहा नारळांची किंमत विचारली, तर एका मुलाने तीन नारळांचे १०५, आणखी तीन मिळून २१० असे टप्पे घेत ३५० पर्यंत मजल मारली होती. दहाने गुणताना शून्य द्यावे, ही शाळेतील युक्ती त्याने वापरलीच नाही. मुले पाचच असली तरी नमुना तोच आपल्याकडेही दिसतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील एक मोठा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. ती मुले दुकानातील गुंतागुंतीचे व्यवहार अचूक करीत होती, पण पुस्तकी स्वरूपात मांडलेल्या सोप्या गणितांना अडत होती. उलट शाळेत पुस्तकी गणित जमणारी मुले बाजारातल्या हिशेबाला अडत होती. बुद्धी दोन्हीकडे होती, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाण्याचा साकव कोणी बांधून दिला नव्हता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी विश्लेषक, सर्जनशील आणि व्यावहारिक अशी बुद्धिमत्तेची जी तीन अंगे सांगितली आहेत, त्यांतील तिसऱ्यात तुमचा मुलगा बसतो, असे म्हणून मी हा विषय येथेच संपवू शकलो असतो. परंतु ते तुमच्यावर अन्यायकारक झाले असते, कारण मग ‘व्यावहारिक’ ही आणखी एक चिठ्ठी त्याच्या कपाळावर लागली असती. त्यापेक्षा तो साकव घरीच बांधता येईल का ते पाहू.

आठवीत एकचल समीकरणे आहेत आणि तो तेथेच अडला आहे, असे तुम्ही लिहिता. एका संध्याकाळी, वही न काढता, त्याला विचारा: पेटी आणि पेंढ्याचे दीडशे रुपये धरून पाच डझनांचे २,९५० झाले, तर डझनाचा भाव किती? तो आधी दीडशे वजा करील, २,८०० उरतील, मग पाचाने भागून ५६० सांगेल. उत्तर आले की ‘कसे काढलेस ते पायरी पायरीने सांग’ एवढेच म्हणा आणि तो बोलत असताना त्याचेच शब्द कागदावर उतरवा: पाच वेळा डझनाचा भाव अधिक दीडशे बरोबर २,९५०. दुसऱ्या ओळीत ‘डझनाचा भाव’ या शब्दांच्या जागी क्ष लिहा. कागदावर आता ५क्ष + १५० = २,९५० हे समीकरण आहे, आणि ते त्याने आधीच सोडविलेले आहे. असे आठ-दहा व्यवहार झाल्यावर लिहिण्याचे काम त्याच्याकडे द्या. नंतर दिशा उलटवा: पुस्तकातील समीकरण घेऊन त्यावरून बाजारातला प्रश्न त्याला रचायला सांगा. हे उलटे काम अधिक अवघड आहे आणि माझ्या अनुभवात खरे शिकणे तेथेच होते. रोज वीस मिनिटे पुरेत. अधिक ताणल्यास त्याला शिकवणीचा वास येईल. वडील हे काम करू शकले तर अधिक चांगले, कारण हिशेबाची भाषा त्या दोघांची सामाईक आहे.

आता दुसरा प्रश्न, बुद्ध्यांकाचा. बुद्ध्यांक चाचणी आणि ठसे-चाचणी यांना एका पंक्तीला बसवता येणार नाही; पहिलीमागे शतकभराचे काम आहे. परंतु ती ज्यांनी जन्माला घातली, त्यांचा हेतू तुमच्या पतींना अवश्य सांगा. साध्या वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले ओळखण्याचा प्रश्न १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्यापुढे होता. आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची मापनश्रेणी तयार केली, ती या प्रश्नावरचे उत्तर म्हणून. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि न वाढणारी राशी आहे, या मताला बिने यांनी निर्दय निराशावाद म्हटले आणि त्याचा जाहीर निषेध केला. लक्ष, स्मरण आणि विवेक वाढविणारे व्यायाम त्यांनी मुलांसाठी तयार केले. मानसिक वय (मुलाची उत्तरे ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलासारखी असतील ते वय) आणि प्रत्यक्ष वय यांचा भागाकार करून बुद्ध्यांक काढण्याची कल्पना १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मांडली, आणि मदतीसाठी जन्मलेली चाचणी पाहता पाहता निकालपत्र होऊन बसली. आपल्याकडे मुंबई इलाख्यातील धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे कित्येक दशके वापरली गेली. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांसाठी जे काम उभे केले, त्यातही एकाच आकड्यावर न थांबता बुद्धीच्या अनेक पैलूंचा विचार झाला.

आजच्या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण ६८ टक्के मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. त्याच मुलाची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतल्यास आकडा चार-पाचाने मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. तुमचा मुलगा इतर विषयांत वर्गाबरोबर आहे आणि तोंडी हिशेबात तरबेज आहे. अशा मुलाचा बुद्ध्यांक काढून हाती काही लागेल, असे मला वाटत नाही. उलट एक आकडा बाजूला ठेवून त्याच्या हातात दुसरा दिल्यासारखे होईल. चाचणीची गरज निराळ्या परिस्थितीत पडते. वाचताना अक्षरे नेहमी गळत असतील, पाढे पाठ होऊनही टिकत नसतील, फळ्यावरचे उतरवताना आकड्यांची अदलाबदल होत असेल आणि हे पहिली-दुसरीपासून चालत आले असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. आधी डोळे तपासावेत. ही सूचना फार साधी वाटेल, पण चष्म्याची गरज असलेली मुले मी गणितात कच्ची म्हणून समुपदेशनाला आलेली पाहिली आहेत. तपासणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून, मुलाला एकट्याला बसवून आणि मराठीत व्हावी. तीत तास-दीड तास जातो, आणि एकूण आकड्याबरोबर कोणत्या प्रकारच्या कामांत मूल सहज होते आणि कोठे थबकले, हे तज्ज्ञाने तुम्हाला समोर बसून समजावून सांगायला हवे. तसे न सांगता नुसता कागद हाती देणाऱ्याकडे जाऊ नका.

मुलाशी या अहवालाविषयी कसे बोलावे, असे तुम्ही पत्राच्या समासात लिहून पुन्हा खोडले आहे. तरी उत्तर देतो. अहवाल त्याच्यासमोर फाडू नका, कारण फाडलेली गोष्ट मुलांना अधिक खरी वाटते. तो टेबलावर ठेवा, आठ आकड्यांची बेरीज त्यालाच करायला सांगा आणि ‘बेरीज बरोबर शंभर का येते?’ हे विचारा. मग विचारा, की तू यंदा कबड्डीत सुधारलास म्हणून तुझे गणित थोडे कमी झाले असेल का. तो हसेल, अशी माझी अपेक्षा आहे. निदान विचारात तरी पडेल. ‘आम्हीच पैसे भरून तुझे ठसे दिले, ती आमची चूक झाली,’ हे मात्र तुम्ही दोघांनी त्याला स्वतःहून सांगावे. ठसे देण्याचा निर्णय त्याचा नव्हता आणि त्याचे ओझे गेले दोन महिने तो एकटा वाहतो आहे.

तुमच्या मुलीविषयी: तिसरीतल्या मुलीला गोष्टी, चित्रे, मैदान, सागरगोटे आणि पाढे असे सगळेच मिळू द्या. सवलत नको, असे त्या संस्थेला आजच कळवा, आणि मुलाच्या ठशांच्या बाबतीत एक गोष्ट लेखी मागा: मुलाचे घेतलेले ठसे त्यांच्या संगणकावरून काढून टाकल्याचे पत्र. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही त्या पत्राची प्रत द्या, म्हणजे पुढच्या जूनमधील व्याख्यानापूर्वी ते दोनदा विचार करतील.